निळ्या कणांना जोड लाल रंगाची

यकृताचा एक पातळ काप, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग एवढ्या जाडीचा, काचपट्टीवर घेऊन तसाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर फारसे काही दिसत नाही. पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. पण काही यकृतांत या धूसर पार्श्वभूमीवर पिवळसर तपकिरी कण विखुरलेले आढळतात. ते कण कशाचे? पित्ताचे असतील, वय वाढते तसे पेशीत साठणाऱ्या लिपोफ्युसिनचे असतील किंवा लोहाचे असतील. डोळ्यांना तिन्ही तपकिरीच. रुग्णाच्या दृष्टीने मात्र तिन्हींत मोठा फरक आहे. लोह असेल आणि ते वर्षानुवर्षे साठत राहिले, तर यकृत कठीण होत जाते, स्वादुपिंड बिघडून मधुमेह होतो, हृदय थकते.

कण लोहाचे आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी काचपट्टीवर दोन रंग चढवावे लागतात. पहिला रंग लोहाशी रासायनिक अभिक्रिया होऊन तिथेच तयार होतो, आणि तो गडद निळा असतो. दुसरा रंग बाकीच्या ऊतीला दिला जातो, म्हणजे पेशी कुठे आहे, तिचे केंद्रक कुठे आहे, निळा कण नेमका कुणाच्या पोटात आहे हे कळते. या दुसऱ्या रंगाला प्रयोगशाळेत काउंटरस्टेन म्हणतात. आपण त्याला जोडरंग म्हणू. पहिल्या रंगाचा इतिहास पुष्कळ पुस्तकांत सापडतो. जोडरंगाकडे मात्र कृतीच्या शेवटच्या ओळीपलीकडे कुणी लक्ष देत नाही. आमच्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण जोडरंग चुकला तर पहिला रंग बरोबर येऊनही वाया जातो.

बर्लिनचा निळा

ही कथा वैद्यकात सुरू होत नाही, रंगाऱ्याच्या दुकानात सुरू होते. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर कोचिनील किड्यांपासून लाल रंग तयार करत होता. त्यासाठी किड्यांचा अर्क, तुरटी, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि पोटॅश लागे. त्याच्याकडचा पोटॅश संपला, म्हणून त्याने योहान कॉन्राड डिपेल या किमयागाराकडून थोडा मागून आणला. डिपेलने तो पोटॅश रक्तापासून काढलेले प्राणिज तेल शुद्ध करायला आधी वापरलेला होता. लाल रंग मिळण्याऐवजी डीसबाखच्या भांड्यात गडद निळा साका बसला. ही हकिगत रसायनशास्त्रज्ञ श्टाल यांनी १७३१ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर लिहिली. त्यामुळे तिच्यात थोडे मीठमसाला असण्याची शक्यता आहे. रसायनशास्त्र मात्र चोख जुळते. रक्तातील नायट्रोजन आणि कार्बन पोटॅशबरोबर तापवले की सायनाइड तयार होते, आणि लोहाबरोबर त्याचे फेरोसायनाइड बनते. त्यात हिराकस पडली आणि हवेचा ऑक्सिजन मिळाला की निळा रंग येणारच.

हा रंग लगेच बाजारात गेला. १७१० साली बर्लिनच्या विज्ञानसंस्थेच्या प्रकाशनात त्याची स्तुती करणारा निनावी लेख आला, पण त्यात कृती नव्हती. चौदा वर्षांनी, १७२४ साली जॉन वुडवर्ड यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली, तेव्हा बैलाचे वाळवलेले रक्त हा त्यातला मुख्य घटक निघाला. पुढे रक्त, शिंगे, खुरे असे काहीबाही पोटॅशबरोबर भाजून फेरोसायनाइड काढण्याचे कारखानेच उभे राहिले. पोटॅशियम फेरोसायनाइडला जर्मन भाषेत आजही पिवळे ‘रक्तक्षार-मीठ’ अशा अर्थाचे नाव आहे. रक्तापासून काढलेल्या या मिठानेच पुढे शरीरातले रक्तजन्य लोह ओळखले जावे, हा योग मोठा गमतीचा आहे.

१७५२ साली फ्रान्समध्ये पिएर माकेर यांनी या निळ्या रंगावर अल्कली ओतले. निळा रंग नाहीसा झाला, खाली लोहाचा तपकिरी साका राहिला आणि द्रावणात पिवळे मीठ उतरले. आम्ल घालून लोहाशी पुन्हा गाठ घालून दिली की निळा रंग परत येतो. हा प्रयोग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण शंभर-सव्वाशे वर्षांनंतर काचपट्टीवर तोच आपल्याला पुन्हा भेटणार आहे. १७८२ साली शेले यांनी याच रंगापासून प्रुसिक आम्ल मिळवले, आणि १८१५ साली गे-ल्युसाक यांनी त्यातील कार्बन-नायट्रोजनच्या जोडगोळीला निळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून सायनोजेन हे नाव दिले. सायनाइड हे भयंकर नाव मुळात एका सुंदर रंगाचे आहे!

तपकिरी कणांचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन विकृतिशास्त्रज्ञांपुढे रंगीत कणांचा प्रश्न होता. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४७ साली, आपल्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात, जुन्या रक्तस्रावाच्या जागी दिसणाऱ्या रंगीत कणांवर दीर्घ लेख लिहिला आणि ते रक्तापासूनच होतात असे दाखवले. रक्तात लोह असते हे त्यापूर्वी शंभर वर्षे, १७४६ च्या सुमारास बोलोन्याच्या मेंगिनी यांनी रक्त जाळून त्याच्या राखेवर लोहचुंबक फिरवून दाखवले होते. तेव्हा या कणांत लोह असावे असा तर्क सरळच होता. पण जाळलेल्या राखेत लोह सापडणे निराळे आणि अमुक पेशीतील अमुक कणात ते आहे असे बोट ठेवून दाखवणे निराळे. राख केली की ‘किती’ ते कळते, ‘कुठे’ ते कळत नाही.

ग्रोहे यांनी १८६१ साली फेरोसायनाइडची अभिक्रिया ऊतीवर होते असे नोंदवले होते. पण तिला नेमक्या प्रश्नासाठी वापरले ते माक्स पर्ल्स या विशीतल्या तरुण डॉक्टरांनी. १८६७ साली फिर्खो यांच्याच नियतकालिकात ‘काही रंगद्रव्यांतील लोहाचे अस्तित्व’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा छोटासा लेख आला. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची क्रिया होऊ दिल्यावर तपकिरी कण निळे झाले. एवढेच. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तीच पद्धत ‘पर्ल्स’ या नावाने चालते. पर्ल्स यांना पुढे फार आयुष्य लाभले नाही, १८८१ साली ते गेले. त्यांच्या नावाचे हालही होतात. नावातला शेवटचा ‘स’ त्यांचा स्वतःचा असताना इंग्रजी पुस्तके त्याला षष्ठीचा प्रत्यय समजून त्यांना ‘पर्ल’ करून टाकतात.

इथे एक शंका चांगला विद्यार्थी हमखास विचारतो: रक्तात एवढे लोह असताना काचपट्टीवरच्या तांबड्या पेशी निळ्या का होत नाहीत? कारण हीमोग्लोबिनमधील लोह हीमच्या कड्यात घट्ट अडकलेले असते आणि थंड, विरल आम्लाला ते सुटत नाही. तांबडी पेशी मोडल्यावर शरीर ते लोह सोडवते आणि प्रथिनाभोवती फेरिक रूपात साठवते. साठा वाढला की त्याचे जे ओबडधोबड कण होतात त्यांना एर्न्स्ट नॉयमान यांनी १८८८ साली हीमोसिडरिन हे नाव दिले. आम्ल याच कणांतून फेरिक आयन सोडवते, फेरोसायनाइड जागच्या जागी त्यांना पकडते, आणि तयार झालेला निळा पदार्थ पाण्यात विरघळत नसल्याने तिथून हलत नाही. हिवतापाच्या रुग्णाच्या प्लीहेत जे काळपट कण दिसतात त्यांतले लोह हीमच्या रूपातच असते, म्हणून ते या परीक्षेत निळे होत नाहीत. म्हणजे ही परीक्षा ‘लोह आहे का’ असे विचारत नाही, ‘साठवलेले लोह आहे का’ असे विचारते. वैद्यकाला नेमके हेच हवे असते.

जोडरंगाची गरज

आता आपल्या हातात निळे कण आहेत आणि त्यांच्याभोवती जवळजवळ काहीच नाही. हे कण यकृताच्या मुख्य पेशीत आहेत की रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या भक्षकपेशीत? हा प्रश्न पुस्तकी नाही. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या रुग्णात लोह आधी भक्षकपेशींत भरते. आतड्यातून गरजेपेक्षा जास्त लोह शोषले जाण्याचा जो आनुवंशिक विकार आहे, त्याला रेक्लिंगहाउझेन यांनी १८८९ साली हीमोक्रोमॅटोसिस म्हटले आणि त्याचे मुख्य जनुक १९९६ साली सापडले. त्यात लोह आधी यकृतपेशींत भरते. दोन रोग, दोन उपचार. एकात ठरावीक काळाने रक्त काढून टाकतात. दुसऱ्यात रुग्ण मुळात रक्तावरच जगत असतो, त्याला लोह बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. निळा कण कोणत्या पेशीत आहे हे पाहायचे तर पेशी दिसली पाहिजे, आणि ती दाखवणे हे जोडरंगाचे काम.

ऊतिशास्त्रातला सर्वांत लाडका केंद्रकरंग म्हणजे हीमॅटॉक्सिलिन. मध्य अमेरिकेतील लॉगवुड या झाडाच्या लाकडातून तो निघतो. आपल्याकडच्या पतंगाच्या लाकडातील ब्राझिलिन हा त्याचा रासायनिक भाऊबंद. वाल्डायर यांनी १८६३ साली तो ऊतीवर वापरला आणि १८६५ साली बोमर यांनी तुरटी मिसळून त्याला खरा उपयोगी केला. तेव्हापासून रोजच्या कामात तोच. नवशिक्या तंत्रज्ञाचा हात सवयीने याच बाटलीकडे जातो. पण लोहाच्या परीक्षेत हा लाडका रंग तीन प्रकारे नडतो.

पहिली अडचण डोळ्यांना दिसणारी. हीमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात. लोह भरपूर असेल तर निळ्या ढिगाऱ्यांपुढे त्याने काही बिघडत नाही. पण थोडेसे लोह, चारदोन बारीक कण, केंद्रकाला चिकटून असतील तर ते त्या निळ्या-जांभळ्यात बुडून जातात. दुसरी अडचण रसायनाची. तुरटीचे हीमॅटॉक्सिलिन आम्ल द्रावणातून बाहेर काढताना लालसर असते, त्याला निळे करण्यासाठी काचपट्टी अल्कधर्मी पाण्यात, कधी अमोनियाच्या किंवा लिथियम कार्बोनेटच्या द्रावणात धरतात. इथे माकेर पुन्हा उभे राहतात! अल्कलीत आपला लोहाचा निळा रंग मोडतो. म्हणजे केंद्रके निळी करण्याच्या नादात जे पाहायचे तेच फिके होण्याचा धोका. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हीमॅटॉक्सिलिनला स्वतःलाच लोहाची ओढ आहे. तुरटी न घातलेले हीमॅटॉक्सिलिन ऊतीतील लोहाशी जोडले जाऊन काळपट रंग देते, आणि टोरांटोच्या मॅकॅलम यांनी १८९७ साली लोह शोधण्यासाठी हाच गुण वापरला. वायगर्ट यांचे हीमॅटॉक्सिलिन तर फेरिक क्लोराइड घालूनच करतात. लोह शोधायच्या काचपट्टीवर बाहेरून लोह ओतणारा रंग वापरणे म्हणजे चोर शोधायला निघताना आपणच दार उघडे टाकून जाण्यासारखे आहे.

म्हणून लाल. लालच का, याचे उत्तर प्रकाशाच्या वर्णपटात आहे. लोहाचा हा निळा रंग वर्णपटाचे तांबडे टोक शोषतो, ६९० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त. एका लोह-अणूकडून शेजारच्या दुसऱ्या लोह-अणूकडे इलेक्ट्रॉन उडी मारतो, त्यासाठी लागणारी ऊर्जा तांबड्या प्रकाशातून घेतली जाते. ऊतिशास्त्रातले बहुतेक लाल रंग याउलट हिरवा प्रकाश शोषतात आणि तांबडा जाऊ देतात. दोघांचे शोषणाचे पट्टे एकमेकांपासून दूर आहेत. हीमॅटॉक्सिलिनचा पट्टा या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडतो आणि तांबड्या बाजूला पसरतो.

हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. पांढऱ्या गाळणकागदावर फेरिक क्लोराइडच्या विरल द्रावणाचे बारीक ठिपके द्यावेत, वाळल्यावर त्यांवर पोटॅशियम फेरोसायनाइडचे विरल द्रावण फिरवावे. ठिपके निळे होतील. अकरावी-बारावीच्या क्षारपरीक्षणात फेरिक आयनासाठी मुले हीच परीक्षा करतात. आता ठिपक्यांच्या मधल्या जागेत लाल शाईचे डाग द्यावेत आणि तांबड्या जिलेटिन कागदातून पाहावे. लाल डाग जवळजवळ नाहीसे होतात आणि निळे ठिपके काळे होऊन उठून दिसतात. दुसऱ्या कागदावर लाल शाईऐवजी निळी-जांभळी शाई वापरून पाहावे. ठिपके शोधताना मुलांची कशी तारांबळ उडते ते दिसेल. नंतर एका निळ्या ठिपक्यावर कॉस्टिक सोड्याच्या विरल द्रावणाचा थेंब टाकावा. निळा रंग जाऊन तपकिरी डाग उरेल, आणि लगेच विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब दिला तर बहुधा निळा परतही येईल. सारे थंड आणि विरल द्रावणांनीच करावे. फेरोसायनाइड आम्लाबरोबर तापवले तर विषारी वायू निघतो, तेव्हा दिवा जवळ नको.

किरमिजीचा वंश

लाल ठरले, पण लाल कोणता? इथे इतिहास पुन्हा डीसबाखच्या भांड्याकडे वळतो. पेशींना रंग देण्याची कला ज्या रंगाने रुळवली तो कार्मीन, म्हणजे कोचिनील किड्यांचाच लाल. गेर्लाख यांनी १८५८ साली दाखवले की कार्मीनच्या अतिशय विरल द्रावणात काप रात्रभर पडू दिला तर केंद्रके इतर भागांपेक्षा गडद होतात. घट्ट द्रावणात सगळेच सारखे लाल होई. घाई न करणे हाच शोध होता. त्या काळी रक्तवाहिन्यांत निळ्या रंगाचे द्रावण सोडून ऊतीला कार्मीनचा लाल देण्याची पद्धतही होती. लंडनचे लायोनेल बील यांची अशी तयारी प्रसिद्ध होती, आणि त्यांच्या नळ्यांतला निळा म्हणजे बर्लिनचाच निळा. डीसबाखला कोचिनीलचा लाल हवा होता आणि मिळाला निळा. दीडशे वर्षांनी हे दोघे एका काचपट्टीवर शेजारी आले. कार्मीन, क्रिमझन आणि आपला किरमिजी हे शब्दही एकाच अरबी-फारसी ‘किरमिझ’च्या घरातले, आणि तो शब्द मुळात किड्याचा.

ग्रेनाखर यांनी १८७९ साली तुरटी घालून कार्मीन अधिक नेमका केला. पुढच्या दशकात ओर्ट यांचे लिथियम कार्मीन आले. ते लिथियम कार्बोनेटमध्ये विरघळवलेले, म्हणजे अल्कधर्मी. माकेर यांचा धडा लक्षात असणाऱ्याने ते आधी द्यावे, आम्लयुक्त अल्कोहोलने धुवावे आणि मगच लोहाची अभिक्रिया करावी हे उघड आहे. क्रम उलटला की निळा धोक्यात.

कार्मीनची खरी अडचण अशी की तो किड्यांचा. एका खेपेचा माल दुसरीसारखा नसे. १८५६ नंतर कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग निघू लागले आणि प्रयोगशाळांच्या फळ्या त्यांनी भरल्या. सॅफ्रॅनिन आला. विट यांनी १८७९ साली न्यूट्रल रेड बनवला. हे दोन्ही धन आयनांचे रंग, केंद्रकातील ऋण भाराच्या न्यूक्लिइक आम्लांना घट्ट धरतात. स्वस्त, झटपट, तेजस्वी. पण तेजस्वीपणा हाच त्यांचा दोष होऊ शकतो. वेळ थोडा जास्त झाला तर केंद्रक इतके गडद लाल होते की त्याच्या कडेचा बारीक निळा कण पुन्हा झाकला जातो, या वेळी निळ्याने नव्हे, लालाने. इओसिन केंद्रकापेक्षा पेशीद्रव रंगवतो. एकटा वापरला तर गुलाबी मैदानात निळे कण छान दिसतात, मात्र कोणत्या पेशीचे केंद्रक कुठे हे कळायला मारामार.

विसाव्या शतकात रुळलेला न्यूक्लिअर फास्ट रेड, जर्मन नाव केर्नएख्टरोट, हा आज बहुतेकांची पहिली पसंती आहे. त्याची पूड ०.१ ग्रॅम घेऊन ॲल्युमिनियम सल्फेटच्या ५ टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये तापवून विरघळवतात आणि थंड झाल्यावर गाळतात. पाचदहा मिनिटांत केंद्रके सौम्य लाल होतात आणि कितीही विसरलो तरी फार गडद होत नाहीत. द्रावण आम्लधर्मी असल्याने लोहाचा निळा सुरक्षित राहतो. आम्हाला यात सर्वांत आवडणारी गोष्ट त्याच्या रेणूत आहे. हा रंग अँथ्राक्विनोन कुळातला आहे. किड्यांतले कार्मिनिक आम्लही त्याच कुळातले, आणि मंजिष्ठाच्या मुळांतला लालही. तिघेही ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या मदतीने आपली जागा धरतात. लुगडी रंगवणाऱ्या रंगाऱ्याची तुरटी आणि आमच्या बाटलीतले ॲल्युमिनियम सल्फेट यांचे काम एकच.

न्यूक्लिअर फास्ट रेड आणि न्यूट्रल रेड या नावांचा घोळ मात्र होतो. मागणीपत्रावर दोन्ही आद्याक्षरांनी लिहायची खोड असेल तर भलतीच बाटली येते. रंगांच्या नावांचा आणि शुद्धतेचा हा गोंधळ जुनाच. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग मिळेनासे झाल्यावर अमेरिकेत १९२२ च्या सुमारास जैव रंग तपासून प्रमाणित करणारे मंडळ स्थापन झाले, ते याच कारणाने. बाटलीवर रंगाचा सूचिक्रमांक पाहून घेणे हा त्यावरचा साधा उपाय. न्यूक्लिअर फास्ट रेडचा क्रमांक ६०७६० आहे.

थोड्या लोहाची गोष्ट

जोडरंगाची खरी कसोटी अस्थिमज्जेत लागते. तिथे तांबड्या पेशींच्या पूर्वज-पेशी असतात, केंद्रक असलेल्या. निरोगी माणसात त्यांतल्या काहींमध्ये एक-दोन अगदी बारीक निळे ठिपके दिसतात. लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर ते दिसत नाहीत, भक्षकपेशीतला साठाही रिकामा असतो. याउलट काही विकारांत लोह पेशीपर्यंत पोहोचते पण हीममध्ये बसत नाही आणि केंद्रकाभोवतीच्या मायटोकाँड्रियांत अडकते. मग निळ्या ठिपक्यांचे कडे दिसते. केंद्रकाच्या परिघाचा निदान एकतृतीयांश भाग व्यापणारे पाच किंवा अधिक ठिपके असले तर त्याला कडे म्हणावे, असा संकेत आता ठरला आहे. पाच आणि चार यांत निदानाचा फरक, आणि ठिपके केंद्रकाला अगदी खेटून. केंद्रक निळे असेल तर कोण मोजणार? लाल असले तरी फिकेच हवे.

यकृताचेही तसेच. शॉयर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली यकृतातील लोहाला शून्य ते चार अशा श्रेणी दिल्या. नंतर रूढ झालेल्या एका पद्धतीत श्रेणी ठरते ती निळे कण किती मोठ्या भिंगाखाली दिसू लागतात यावरून. चौथी श्रेणी जवळजवळ नुसत्या डोळ्यांनी, पहिलीसाठी मोठे भिंग. अशा मोजपट्टीत जोडरंग थोडा गडद झाला तरी श्रेणी एका पायरीने घसरू शकते. थॅलसेमियाच्या मुलाला मिळणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि शरीराला ते बाहेर टाकण्याचा मार्ग नाही. निरोगी माणूस दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम एवढेच लोह आतड्यातून घेतो. अलीकडे यकृतातील लोह चुंबकीय प्रतिमांवरून मोजता येते, त्यामुळे या कामासाठी सुई घालून तुकडा काढण्याची वेळ क्वचित येते, हे चांगलेच झाले. पण कोणत्या पेशीत, हे सांगायला अजून काचपट्टीच लागते.

रंगाच्या आधीही लोह हरवू शकते, तेही सांगितले पाहिजे. हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्लात ठेवला तर कॅल्शियमबरोबर लोहही निघून जाते, आणि लोह असलेल्या माणसाच्या अहवालात ‘साठा नाही’ असे लिहिले जाते. म्हणून तिथे ईडीटीए वापरावे. उलट बाजूने नळाच्या पाण्यातला गंज किंवा गंजलेला चिमटा काचपट्टीवर नसलेले लोह आणून ठेवतो. असे परके निळे कण बहुधा पेशीच्या पातळीत नसून तिच्या वर तरंगत असतात, सूक्ष्मदर्शकाचे केंद्रीकरण किंचित हलवले की ते कळते. प्रत्येक तुकडीबरोबर लोह नक्की असलेल्या ऊतीची एक काचपट्टी रंगवायची, ही रीत यासाठीच.

मेंदूतले लोह तर इतके थोडे आणि इतके विखुरलेले असते की निळा रंग फिकट झुळकीसारखा दिसतो. १९८० साली नुयें-लग्रो आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. निळा रंग तयार झाल्यावर काप डायअमिनोबेंझिडिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचा. निळ्यातले लोह उत्प्रेरकाचे काम करते आणि त्या जागी गडद तपकिरी पदार्थ साचत जातो, त्यामुळे अगदी थोडे लोहही दिसू लागते. आता जे पाहायचे ते तपकिरी झाले, त्याला अल्कलीचीही भीती उरली नाही. मग न्यूक्लिअर फास्ट रेडचा लाल त्याच्याशेजारी फारसा उठत नाही. तिथे फिके हीमॅटॉक्सिलिन देतात, आणि निळ्या-जांभळ्या केंद्रकांमध्ये तपकिरी लोह स्वच्छ दिसते.